जाळी

विश्रामबागेतला तिसरा मजला.
हॉलच्या मधोमध कंबरेइतकी जाळी,
कुपवाडच्या वेल्डिंगवाल्यानं ठोकून दिलेली.
पाहुणे विचारतात, वाटण्या झाल्या काय घरात?
झाल्या की, म्हणते मी.
अलीकडे बेदाणा, पलीकडे भडंग.

बेदाणा आधीचा. माझ्याही आधीचा.
मृण्मयीनं नाव ठेवलं त्याचं,
तेव्हा तिची आई होती.
भडंग मी आणलं मिरजेहून,
पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर धरून, सिटी बसमध्ये उभ्या माणसांच्या कोपरांखाली.
पांढऱ्यावर काळे-करडे ठिपके,
कुणाच्या तरी हातून कागदावर सांडल्यासारखे.

डॉक्टर मगदूम म्हणाले,
एकटा ससा झुरतो, वहिनी. जोड पाहिजे.
पण आधी दोघांची ऑपरेशनं, आणि घाई अजिबात नको.
हे काय लग्न आहे,
आज बघितलं अन् उद्या मांडव?
मी मान हलवली.
आमचं रजिस्टर ऑफिसात वीस मिनिटांत उरकलं होतं.

पहिले आठ दिवस जाळीला दोघांच्या पाठी.
रात्री दोनला बेदाणा मागचा पाय आपटायचा.
खालचे कोळेकर जिना चढून आले,
एवढ्या रात्री काय कांडताय?

मग टॉवेलांची अदलाबदल.
त्याचं अंथरूण तिकडे, तिचं इकडे.
वास आधी जातो, जनावर मागनं.
हे काम मृण्मयीचं.
मला टॉवेल देताना
टोक तेवढं धरायची.

लसूणघासाच्या वाट्या रोज एक फरशी पुढे,
कोथिंबिरीच्या काड्या जाळीतून अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे.
मधल्या काळात पंख्याची वायर गेली,
ह्यांचे तीन चार्जर गेले,
आणि माझ्या रुखवताच्या ट्रंकेचा कोपरा,
तो मात्र दोघांनी वेगवेगळ्या दिवशी कुरतडला.

समेटाला जागा कुणाचीच नको असते.
आमच्या घरात अशी जागा म्हणजे न्हाणीघर.
मी उपड्या बादलीवर, ती पाटावर,
मध्ये दोन ससे आणि ओल्या फरशीवर पसरलेलं पोतं.
पाच मिनिटं बरी गेली.
मग गरगर, गरगर,
कापूस पिंजावा तसे केस उडाले
आणि मी ओरडायच्या आत
तिनं मध्ये हात घातला.

सांगलीतल्या घरात हळद शोधावी लागत नाही.
मनगटावर चिमूट दाबून धरली.
माझी बोटं पिवळी, तिचा हात पिवळा.
काकू, चरचरतंय, म्हणाली.
काकूच म्हणाली.
हात मात्र ओढून घेतला नाही.

अकराव्या की बाराव्या बैठकीला
भडंगनं मान खाली घातली,
हनुवटी पार पोत्याला टेकली.
हरली गं, मी म्हटलं.
हरली नाही, मृण्मयी म्हणाली,
मागतीये ती. चाट म्हणतीये.
हे तिनं कधी वाचलं, कुठं वाचलं,
मला पत्ताही नव्हता.
बेदाण्यानं बराच वेळ दुसरीकडे बघितलं.
नळ टपकत होता.
मग आला, आणि तिच्या कपाळावर
दोनदा जीभ फिरवली,
उधारी फेडल्यासारखी.

आता मे आहे. बर्फ केलेल्या बाटलीला कपडा गुंडाळून ठेवते,
दोघं दोन बाजूंनी टेकतात,
कान एकमेकांत, कुणाचा कुठला कळत नाही.
संध्याकाळी एखादा उगाचच हवेत उडी मारतो
आणि फरशीवर घसरून पडतो, आम्ही बघितलं नाही असं समजून.

परवा भडंगच्या खोक्यात घालायला
माझी जुनी ओढणी काढली, मऊ झालेली.
सकाळी खोक्यात नव्हती.
दोरीवर नव्हती, धुण्यात नव्हती.
मृण्मयीच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं.
मी शोधली नाही.

जाळी गॅलरीत नेऊन उभी केलीय.
दोडक्याचा वेल चढतोय तिच्यावर.